डिमरभाऊंची उजवी बाजू

पडदा वर जातो.

समोर दिवाणखाना. उन्हं कलायला अजून अवकाश आहे. खिडकीचे पडदे अर्धे ओढलेले. भिंतीवर टीव्ही. टीव्ही कसला, भिंतीवर टांगलेली दुसरी भिंतच ती. एखादा उंच माणूस आडवा धरला तरी त्याचे पाय बाहेर यायचे नाहीत. समोर करड्या रंगाचा सोफा, काचेचं टेबल, टेबलावर फोडलेला पुठ्ठ्याचा खोका आणि त्यातून निघालेली, गुंडाळून ठेवलेली दिव्यांची पट्टी. सोफ्याच्या अगदी कडेला, आपली वेळ येईपर्यंत विंगेत बसावं तसा, सत्तरी ओलांडलेला एक माणूस. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात मोजे. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

हात दाबून धरलेत, कारण ते थरथरतायत. बघायला घरात कुणी नाही. पण त्यांना स्वतःलाच ते बघायचे नाहीत.

हे डिमरभाऊ. खरं नाव कागदोपत्री आहे, पण त्या नावाने हाक मारलीत तर ते मागे वळून बघतील, दुसऱ्या कुणाला बोलावताय की काय म्हणून. डिमर म्हणजे रंगमंचावरचे दिवे कमीजास्त करायचं यंत्र. लाकडी पेटी, तिच्यावर ओळीने दांडे. दांडा वर सरकवला की दिवा चढतो, खाली घेतला की उतरतो. त्या पेटीमागे या माणसाने उभा जन्म उभ्याने काढला. नाटक कंपनीत नवीन असताना कुणीतरी हाक मारली, "ए डिमर!" आणि ती हाक अशी चिकटली की लग्नात सासऱ्यांनीसुद्धा पाहुण्यांना सांगितलं, "हे आमचे जावई, डिमर."

रंगमंचावर सकाळ आणावी ती डिमरभाऊंनी. दुसरे दिवेवाले सकाळ आणायचे म्हणजे बटण दाबायचे. कोंबडा आरवायच्या आत माध्यान्ह. भाऊंची सकाळ कधी आली ते कळायचंच नाही. आधी खिडकीची चौकट दिसू लागायची, मग टेबलावरचा पेला, मग झोपलेल्या नायिकेचा हात. प्रेक्षकाला वाटायचं, आपलेच डोळे उघडतायत. "उजेड आला हे लोकांना कळलं, की समजायचं आपलं काम फसलं," असं ते म्हणायचे. एखादा नट वाक्य विसरून घामाघूम झाला, की भाऊ हळूच दुसऱ्या कोपऱ्यातला दिवा किंचित चढवायचे. लोकांची नजर तिकडे जायची आणि तेवढ्यात बिचाऱ्याला शब्द सापडायचा. किती जणांची अब्रू त्यांनी अशी अंधारात उभं राहून झाकली! टाळ्या त्या नटांना मिळाल्या, आणि भाऊंना त्याचं कधी काही वाटलं नाही. टाळ्या पडताना सभागृहातले दिवे किती सावकाश चढवायचे, या विवंचनेत ते असायचे.

पुढे कंपनी मिटली. पेट्या भंगारात गेल्या. बायकोही गेली, आणि भाऊ एका ट्रंकेनिशी लेकीकडे राहायला आले. लेक विम्याच्या कचेरीत. जावई पुलांच्या कामावर, महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. मूलबाळ नाही. भाऊंना स्वतंत्र खोली, खिडकीत एक कुंडी, कपाटात चार सदरे. तक्रार करायला जागा नव्हती, आणि त्यांनी ती कधी शोधलीही नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, ते गेल्या थंडीत बिघडलं. भाऊंनी दूध तापत ठेवलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. दूध आटलं, करपलं, पातेल्याचा कोळसा झाला. धूर जिन्यापर्यंत गेला. वरच्या मजल्यावरच्या सिस्टरनी दारावर धडका दिल्या तेव्हा कुठे भाऊ जागे झाले. सिस्टर म्हणजे सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. एकट्या राहतात, आणि जिन्यात कुणी शिंकलं तरी वरून औषध सांगतात.

त्या दिवसापासून लेक कचेरीत जाताना गॅस मुख्य नळीपासून बंद करून जाऊ लागली. प्लगला हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. ज्या माणसाने अख्ख्या नाट्यगृहाची वीज आपल्या दहा बोटांवर नाचवली, त्याला आता थर्मासमधला चहा. आणि दुपारी फोन.

"बाबा, काय करताय?"

"बसलोय."

"काही लावलं नाही ना?"

"नाही."

रोजचा हा संवाद. तालीम न करता पाठ झालेला.

भाऊंनी हेही सोसलं असतं. पण परवा संध्याकाळी लेक गॅलरीत उभी राहून फोनवर बोलत होती, आणि गॅलरीचं दार तिला वाटलं तेवढं बंद नव्हतं. "नाही हो, ठेवायचंच असं काही ठरलेलं नाही. रविवारी फक्त बघायला येतो. हो, बाबांना घेऊनच. खोली हवेशीर आहे ना?"

ठेवायचं. म्हणजे वृद्धाश्रमात. सामान ठेवतात, भाऊंच्या मनात आलं. ट्रंक ठेवतात. त्या रात्री ते नेहमीपेक्षा एक घास जास्तच जेवले, तिला संशय यायला नको म्हणून.

त्यातून त्यांना सुचलं ते हे. टीव्हीबरोबर जावयाने एक खोका आणला होता: टीव्हीच्या पाठीला चिकटवायची दिव्यांची पट्टी. सोबतच्या चिमुकल्या कॅमेऱ्याने चित्र बघून, त्यात जे रंग असतील तेच मागच्या भिंतीवर उमटवणारी. प्रत्येक खेपेला जावई म्हणायचा, "या वेळी नक्की लावतो," आणि प्रत्येक खेपेला झोपून जायचा, कारण माणूस दमून येतो. खोका चपलांच्या कपाटामागे धूळ खात पडला. लेकीची कुरकूर चालूच. दिवा मालवून बघावं तर डोळे दुखतात, दिवा लावून बघावं तर पडद्यात आपलंच प्रतिबिंब दिसतं.

भाऊंना त्यामागचं कारण कुणी सांगायची गरज नव्हती. काळोखात एकाच ठिकाणी झगझगीत उजेड असला की डोळा शिणतो. मागची भिंत जराशी उजळली की डोळ्याला टेकायला जागा मिळते. पट्टी आपण लावली, नीट लावली, कुठे काही न जाळता न मोडता लावली, तर लेकीला दिसेल की बाबा अजून बाबाच आहेत. मग रविवारचं कुणी नाव काढणार नाही. आणि मोडलं तर? जावयाचा एवढा हौसेने घेतलेला टीव्ही आपल्या हातून फुटला, तर रविवारपर्यंत थांबायचीही गरज उरणार नाही.

म्हणून ते सोफ्याच्या कडेला बसले होते. हात मांड्यांखाली.

शेवटी उठले. टीव्ही भिंतीतल्या लोखंडी बाहूवर टांगलेला होता. ओढला की दारासारखा पुढे येणारा. एकट्याने ओढायची त्यांची छाती होईना. ते जिना चढून वर गेले.

"सिस्टर, जरा खाली येता? एक बाजू धरायची आहे."

"कुणाची?"

"टीव्हीची."

"हात् तिच्या! मला वाटलं कुणी आजारी आहे." सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. "लेकीला विचारलंत?"

"तिला आनंदाचा धक्का द्यायचाय."

"आनंदाचा नंतर बघू, पण धक्का नक्की. विजेचा. मागच्या वेळी दूध, आता टीव्ही. भाऊ, तुम्ही मला निवृत्त होऊ देणार आहात की नाही?"

पण बोलता बोलता त्यांनी कपाटातून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला होता. वॉर्डात आयुष्य गेलेल्या बाईला रिकाम्या हाताने कुठे जाणं माहीत नसतं.

खाली आल्यावर दोघांनी टीव्हीच्या दोन कडा धरल्या. "हळू," भाऊ म्हणाले. "झटका द्यायचा नाही. मी म्हणेन तेव्हा थांबायचं." बाहू करकरला. तो काळा, गुळगुळीत, प्रचंड पडदा भिंतीपासून सुटून पुढे आला आणि जरासा डुलला. भाऊंनी कड दोन्ही हातांनी सावरली, तेव्हा कुठे त्याचं डुलणं थांबलं.

"घाम पुसा," सिस्टर म्हणाल्या. "पाठ मी पुसते." त्यांनी स्पिरिटचा बोळा टीव्हीच्या पाठीवरून असा फिरवला की वाटावं, आता सुई टोचतील. काळीकुट्ट धूळ निघाली. "माझा पेशंट असता तर नातेवाइकांना झापलं असतं."

खोक्यात एक चिमुकली पुस्तिका होती. अक्षरं मुंगीएवढी. सिस्टरनी ती खिडकीपाशी नेऊन मोठ्याने वाचली. "खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करा. उजव्या कडेने वर, वरच्या कडेने आडवे, डाव्या कडेने खाली. कोपऱ्यात पट्टी मुडपू नका, वळवा. कॅमेरा वरच्या कडेवर मध्यभागी बसवा."

"खालचा उजवा," भाऊ पुटपुटले, आणि टीव्हीच्या मागे शिरले.

तिथे गेल्यावर एक चमत्कार झाला. हात थरथरायचे थांबले. भिंत आणि टीव्ही यांच्यामधली ती अंधारी, अरुंद जागा, नाकात धुळीचा वास, समोरच्या बाजूला उजेड आणि आपण मागे. ही जागा त्यांच्या ओळखीची होती. बोटं आपसूक चालू लागली. कागद सोलायचा, वीतभर पट्टी टेकवायची, अंगठ्याने दाबायची, पुढे सरकायचं. वरच्या कडेसाठी ते स्टुलावर चढले आणि सिस्टरनी त्यांची पोटरी धरून ठेवली. "पडलात तर मी उचलणार नाही," असं म्हणत, पण घट्ट.

पट्टी अर्ध्यावर आली आणि फोन वाजला.

सिस्टरनी फोन उचलून भाऊंच्या कानाला लावला.

"बाबा, काय करताय?"

"बसलोय," स्टुलावर उभे राहून भाऊ म्हणाले.

"आवाज असा खोल का येतोय?"

"खिडकीशी आहे."

"काही लावलं नाही ना?"

भाऊंनी हातातल्या लोंबत्या पट्टीकडे पाहिलं. "विस्तव नाही लावला," ते म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

पलीकडून "बरं" म्हणून फोन बंद झाला. सिस्टरनी कपाळावर हात मारला. "नट व्हायला हवं होतं तुम्ही. नाही, नकोच. कंपनी तेव्हाच बुडाली असती."

उरलेली पट्टी चिकटवून झाली. कॅमेरा बसला. पट्टीचं सुरुवातीचं टोक खोक्यातल्या छोट्या काळ्या डबीत खोचलं, डबीची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. प्लगला हात लावताना भाऊंनी नकळत दाराकडे बघून घेतलं. मग दोघं सोफ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सिस्टरनी टीव्ही लावला.

कुठल्यातरी शहराचं चित्र होतं. राखाडी रस्ता, पाऊस पडून गेलेला. आणि मागची भिंत मंद राखाडी-निळी झाली. खोलीला एकदम खोली आली. "अगं बाई!" सिस्टर म्हणाल्या. "छान दिसतंय की हो!"

मग चित्रात एक लाल बस आली. डावीकडून आली, संथपणे उजवीकडे निघाली. भिंतीवरही लाल रंग उमटला. उजवीकडे. आणि डावीकडे निघाला.

बस इकडून तिकडे गेली, बसचा उजेड तिकडून इकडे आला. मध्यावर दोघांची गाठ पडली आणि पुन्हा ताटातूट झाली.

"भाऊ," सिस्टर म्हणाल्या, "हे उलटं आहे."

दुसरी एक गाडी गेली, पिवळी. तिचंही तेच. दूध कुणाचंही करपतं. डोळा कुणाचाही लागतो. पण ज्या हातांनी खाली न बघता, काळोखात, कुठला दांडा कुठल्या दिव्याचा हे कधी चुकवलं नाही, त्या हातांना डावं-उजवं कळू नये? खालचा उजवा, हे त्यांनी ऐकलं होतं. उजव्यापासूनच सुरू केलं, हे त्यांना छातीठोक आठवत होतं. म्हणजे आठवतं ते एक आणि केलेलं दुसरंच. हेच ते. लेकीला जे दिसलंय आणि आपल्याला दिसत नाही, ते हेच.

"बसा बरं जरा," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. तोच भाऊंच्या काळजात कळ उठवून गेला. सिस्टर टोमणे मारत होत्या तोवर सगळं ठीक होतं. हा आवाज वॉर्डातला होता, बरं न होणाऱ्यांशी बोलायचा. "इकडे बघा माझ्याकडे. आज वार कुठला?"

"शुक्रवार. काहीतरीच काय विचारताय?"

"डावा हात वर करा बघू."

भाऊ थबकले. माहीत नव्हतं म्हणून नव्हे. माहीत असलेल्याचाच भरवसा वाटेना म्हणून. मग त्यांनी डावा हात वर केला. सावकाश, परीक्षेला बसल्यासारखा.

"बरोबर आहे. मग पट्टी कुठून सुरू केलीत?"

"उजवीकडून. तुम्हीच वाचलंत ना."

"दाखवा मला."

भाऊ उठले. टीव्हीच्या कडेला जाऊन भिंतीकडे पाठ केली, सोफ्याकडे तोंड केलं आणि जराही न शोधता उजवा हात खालच्या कोपऱ्यावर ठेवला. "ही उजवी."

"ती माझी डावी झाली," सोफ्यावरून सिस्टर म्हणाल्या.

भाऊ तसेच उभे राहिले. हात कोपऱ्यावर, नजर सोफ्यावर. समोर एक बाई बसली होती, मांडीवर कापसाचा पुडा घेऊन, आणि त्यांच्याकडे बघत होती. मागे उजेड, पुढे बघणारं माणूस.

"तुम्ही प्रेक्षकांत बसलाय," ते हळूच म्हणाले.

"मी सोफ्यावर बसलेय. भाऊ, पाणी देऊ का?"

"नाही, नाही, थांबा! रंगमंचावर उजवी म्हणजे नटाची उजवी. लोकांकडे तोंड करून उभा असतो ना तो, त्याची. दिग्दर्शक समोर खुर्चीत बसून ओरडला, 'उजवीकडचा चढव,' तर तो स्वतःच्या डावीकडे बोट दाखवत असतो. आम्हाला दुसरी उजवी माहीतच नाही. मी, मी टीव्हीची उजवी धरली, सिस्टर!"

सिस्टरच्या कपाळावरची आठी एकदम उलगडली. "पेशंटची उजवी!" त्या म्हणाल्या. "आम्हीही तीच धरायचो. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून 'उजवा पाय' म्हणाले, तर पेशंटचा उजवा. नाहीतर भलताच पाय प्लास्टरमध्ये जायचा." आणि त्या हसायला लागल्या. "पण भाऊ, टीव्ही काही नट नाही, आणि अजून पेशंटही नाही."

"तो आज होणारच होता," भाऊ म्हणाले आणि तेही हसले. हसता हसता खालीच फरशीवर बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता खरा, पण ते भांडं अजून हलत होतं.

"मला पटलं," डोळे पुसत सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या लेकीला पटेल का?"

भाऊंचं हसू तिथेच विरलं. "ती यायच्या आत सुलटं करू," ते म्हणाले. "मग पटवायची वेळच येणार नाही."

आता चिकटवलेली पट्टी सोलायची होती. चिकटवणं सोपं होतं. सोलणं म्हणजे जखमेवरची पट्टी काढण्यासारखं. "हळू ओढाल तर चामडी जाईल, जोरात ओढाल तर माणूस ओरडेल," सिस्टर पुटपुटल्या आणि बोटांच्या टोकांनी सोलू लागल्या. गोंदाचे दोरे निघत होते. एका ठिकाणी पट्टी पिळवटली, आणि भाऊंच्या हाताखाली काहीतरी बारीक तुटल्यासारखं झालं. ते परत टीव्हीमागे शिरले, या वेळी प्रेक्षकांच्या उजव्या कोपऱ्याकडे. वर्षानुवर्षांची सवय मोडून काम करायचं, म्हणजे उलट्या हाताने सही करण्यासारखं. प्रत्येक वीत चिकटवताना ते मोठ्याने म्हणत होते, "बघणाऱ्याची उजवी. बघणाऱ्याची." गोंद आधीच अर्धा गेलेला. पट्टी टेकवावी तर सुटे, दाबावी तर टीव्ही डुले.

आणि दारात किल्ली फिरली.

लेक दुपारच्या त्या "बरं"नंतर कामात लक्ष लावू शकली नव्हती. आवाज खोल का येत होता? विस्तव नाही लावला म्हणजे काय लावलं? डोकं दुखतंय असं सांगून ती लवकर निघाली होती. दारातून तिला दिसलं ते असं: नवऱ्याचा जीव की प्राण टीव्ही भिंतीपासून निखळून तिरपा लटकलाय, वरच्या मजल्यावरची बाई त्याला कवटाळून उभी आहे, आणि टीव्हीखालून मोज्यातले दोन पाय दिसतायत.

"बाबा!"

"अगं, हळू, दचकवू नकोस, स्टुलावर आहे मी," टीव्ही बोलला.

"खाली उतरा आधी! सिस्टर, तुम्हीसुद्धा? तुम्हाला तरी कळायला हवं होतं!"

"मी फक्त एक बाजू धरलीय गं," सिस्टर म्हणाल्या. "अक्षरशः."

भाऊ मागून बाहेर आले. केसांवर जाळं, सदऱ्यावर काळे पट्टे. लेकीने पर्स टाकली तशी ती काचेच्या टेबलावर आदळली आणि सगळेच दचकले.

"मला विचारायचं होतंत तुम्ही!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणालेच असते! तुम्ही पडला असतात म्हणजे? शॉक लागला असता? मी तिकडे बसून काय करणार होते, सांगा ना मला! आणि अजून नुसते लोंबताहेत ते दिवे. दिवसभर हेच चाललंय?"

सिस्टरनी भाऊंकडे असं पाहिलं की त्याचा अर्थ स्पष्ट होता: गप्प बसा, काम चालू आहे एवढंच सांगा. सांगता आलं असतं. पट्टी अर्धीच होती, कुणाला काय कळणार होतं?

"एकदा लावून झाले होते," भाऊ म्हणाले. "मी उलटे लावले. बस इकडून जायची, उजेड तिकडून यायचा. म्हणून काढून परत लावतोय."

लेकीचा राग होता तिथेच थिजला. रागाच्या जागी जे आलं ते भाऊंना रागापेक्षा वाईट दिसलं. ती जवळ आली, त्यांच्या बाहीवरचं जाळं काढलं. "उलटे म्हणजे?" तिने विचारलं. सिस्टरना फुटला होता तोच मऊ आवाज. "बाबा, डावं-उजवं..."

"कंपनीची उजवी धरली," भाऊ म्हणाले. "नटाची."

ती उजवी लेकीलाही माहीत होती. लहानपणी परीक्षेच्या दिवसांत आई आजारी असली की ती त्या डिमरच्या पेटीमागे, वायरींच्या वेटोळ्यावर बसून अभ्यास करायची. उजवीकडून राजा येणार, असं कुजबुजत ती ज्या बाजूला बघायची ती बाजू तिला कुणी शिकवली नव्हती. तिची मान नकळत टीव्हीच्या त्याच बाजूच्या कोपऱ्याकडे वळली, मग सोफ्याकडे. तिने सोफ्यावर अंग टाकलं.

"तुम्ही अजून त्या कंपनीतच आहात, बाबा," ती म्हणाली. त्यात जुनी तक्रारही होती. "मला एकदम वाटलं की..."

भाऊ तिच्यापाशी जाऊन बसले.

"मलाही तेच वाटलं होतं," ते म्हणाले. "ती लाल बस गेली ना, तेव्हा. मी म्हटलं, आलं. कारण सापडेपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती गं. सिस्टरनी वार विचारला मला."

"बरोबर सांगितला त्यांनी," सिस्टर घाईघाईने म्हणाल्या. "आणि आता तुम्ही दोघं ही बाजू धरा, माझे हात भरून आलेत."

लेकीने खरंच उठून बाजू धरली. उरलेली पट्टी भाऊंनी मागून चिकटवली, ती समोरून सांगत होती, "वर, बाबा, अजून वर, हां." सिस्टर गोंदाचे गोळे वेचून, कापसाचा पुडा काखेत मारून, "माझा चहा राहिलाय" म्हणत निघून गेल्या. त्या नको त्या वेळी येतात तशा हव्या त्या वेळी जातातही.

टीव्ही लावला. भाऊंनी डबीवरचं बटण दाबून उजेड कमी केला, आणखी कमी केला, इतका की आहे की नाही असं वाटावं. पडद्यावर समुद्र होता, डावीकडे सूर्य बुडत होता, आणि डावीकडचीच भिंत तांबूस झाली होती. फक्त वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका राहिला.

"तिथले दिवे माझ्या हातून गेले," भाऊ म्हणाले. "पट्टी पिळली गेली तेव्हा. जावईबापूंना सांगायला हवं."

"मी सांगेन त्यांना. त्यांनी लावले असते तर टीव्हीच गेला असता."

दोघं काही वेळ नुसती बघत बसली. तिने डोळे चोळले नाहीत. मग टीव्हीकडेच बघत ती म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला एक सांगितलं नाहीये. रविवारी..."

"माहीत आहे. गॅलरीतलं आत ऐकू येतं."

तिने झटकन त्यांच्याकडे वळून पाहिलं. "नुसतं बघायला जाणार होते मी. रोज दुपारी फोन लावते ना, तर तुम्ही उचलेपर्यंत मला तिकडे काही सुचत नाही. म्हणून." तिने पर्समधून फोन काढला. "जाऊ दे. नाही म्हणून सांगते त्यांना. आत्ताच सांगते."

हेच वाक्य ऐकायला भाऊ दुपारभर त्या टीव्हीमागे धडपडले होते. आता ते कानावर आलं आणि त्यांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांना आठवलं ते त्या कोपऱ्यावर हात ठेवून उभं राहणं. स्वतःचाच भरवसा वाटेना ती थोडीशी वेळ. आपल्याला ती एकदाच भोगावी लागली. ही रोज दुपारी भोगते, फोन वाजत असतो तोवर.

त्यांनी तिच्या हातातला फोन घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"नको सांगूस. ठरलंय तर जाऊ या, खोली हवेशीर आहे की नाही ते बघू. फक्त निघताना मला परत आणायला विसरू नकोस म्हणजे झालं."